बारीक पानांच्या जेडचं बोन्साय करायचंय, पहिली कात्री कुठे लावू?

खिडकीकाठ | २८ फेब्रुवारी, २१:१०

नमस्कार मंडळी,
बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते. पश्चिमेची खिडकी, बाहेर ग्रिल, आणि त्या ग्रिलमध्ये एक बारीक पानांचं जेड. नर्सरीतून आणलं तेव्हा वीतभर होतं, आता दीड फूट उंच आणि तेवढंच रुंद झालंय. फांद्या गजांतून बाहेर लोंबतात, खालच्या काकूंच्या दोरीवरच्या कपड्यांना टेकायच्या बेतात आहेत. खोड बुंध्याशी अंगठ्याहून जाड. मातीलगतच दोन फाटे फुटलेत, वर सगळा गुंता. कुंडी आठ इंची प्लास्टिकची, माती नर्सरीवाल्याचीच लाल.

याचं बोन्साय करावं असं फार दिवस मनात आहे. धारावीच्या कुंभारवाड्यातून एक उथळ, पसरट कुंडीही आणून ठेवली आहे. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण एक जण म्हणतो निम्मं झाड उडवा, दुसरा म्हणतो आधी फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळा. तर: छाटणी आत्ता करू की पावसाळ्यात? किती कापलेलं त्याला सोसेल? तार लागतेच का? आणि नव्या कुंडीत कधी लावू?

फोटो जोडले आहेत. बोक्याकडे दुर्लक्ष करा, तो प्रत्येक फोटोत येतोच.

लोकलकर | २८ फेब्रुवारी, २१:४८

आधी झाडाची खात्री करून घ्या. नर्सऱ्यांत जेड म्हणून दोन वेगळी झाडं विकतात. मोठ्या, जाड पानांचं आणि हिरवट-करड्या मांसल खोडाचं ते क्रासुला ओवाटा. नखाएवढ्या पानांचं, तांबूस-तपकिरी फांद्यांचं ते पोर्टुलाकारिया आफ्रा. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली, पण कुळं वेगळी. क्रासुलाच्या फांद्या शेवटपर्यंत जाडच राहतात, बारीक जाळी होत नाही. फोटोवरून तुमचं दुसरं वाटतंय.

बोका छान आहे.

खिडकीकाठ | २८ फेब्रुवारी, २२:०५

हो, फांद्या तांबूस आहेत आणि पान करंगळीच्या नखाएवढं. जी पानं दुपारच्या उन्हात असतात त्यांच्या कडा लालसर होतात, तो रोग तर नाही ना?

गच्चीवाला | १ मार्च, ०७:३०

रोग नाही. उन्हामुळे येतो तो रंग, आणि येतोय हे चांगलं लक्षण आहे. भरपूर ऊन मिळालं की पान लहान राहतं आणि दोन पेरांतलं अंतर कमी होतं. सावलीतलं जेड लांबलचक, ढिलं वाढतं, त्याला कितीही छाटा, आकार येत नाही. चार-पाच तास ऊन मिळत असेल तर तुमची खिडकी उत्तम. ऊन एकाच बाजूने येणार म्हणून आठवड्याला कुंडी थोडी फिरवत जा, एवढंच.

आता मुख्य मुद्दा. ती उथळ कुंडी सध्या माळ्यावर ठेवून द्या. उथळ कुंडीत गेलं की झाडाचं जाड होणं जवळजवळ थांबतं. तुमचं खोड अंगठ्याएवढं, झाड दीड फुटाचं. झाड म्हणून डोळ्यांना पटायला उंचीच्या मानाने बुंधा जाड लागतो. म्हणजे एक तर उंची बरीच कमी करायची, नाहीतर मोठ्या कुंडीत अजून वर्ष-दोन वर्षं बुंधा जाड करायचा. मी दोन्ही थोडं थोडं करायला सांगेन.

कात्री लावायच्या आधी वरची इंचभर माती जुन्या दात घासायच्या ब्रशने हळूहळू बाजूला करा. पहिली जाड मुळं जिथे पसरतात तिथपर्यंत जा. नर्सरीत झाडं बहुधा खोल लावलेली असतात, त्यामुळे खोडाचा सगळ्यात जाड भाग मातीतच गाडलेला असतो. अंगठ्याएवढं वाटणारं खोड खाली त्याहून चांगलंच जाड निघू शकतं. फाटे नक्की कुठून फुटलेत तेही तेव्हाच कळेल. मग कुंडी डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, टेबलावर ठेवून वरून बघू नका, आणि फिरवून फिरवून समोरची बाजू ठरवा. मुळं दोन्हीकडे पसरलेली दिसतात आणि खोडाची वळणं दिसतात ती बाजू पुढे.

मग साफसफाई. सरळ खाली जाणारे फुटवे, फांदीच्या पाठीवर सरळ वर उभे राहिलेले फुटवे, बेचक्यात आलेले, एकमेकांना छेदणारे, आणि एकाच जागेतून तीन-चार फुटले असतील तर दोन ठेवून बाकीचे. एवढं केलंत तरी निम्मा गुंता जाईल आणि आत खोड आहे हे पहिल्यांदा दिसेल. त्या दिवशी इथेच थांबा. दोन दिवस येता-जाता बघा, चहा घेताना बघा. मोठा काप त्यानंतर.

मोठा काप म्हणजे शेंड्याचा. जाड फाटा मुख्य धरा. त्यावर साधारण सहा-सात इंचांवर एखादी बाजूची फांदी शोधा, तिच्या वरचं सगळं उडवा, तीच फांदी नवा शेंडा. खोड तिथे वळतं आणि एकदम बारीक होतं. बोन्सायमधला खोडाचा निमुळतेपणा असाच कापून कापून येतो, वाढवून येत नाही. पहिली मुख्य फांदी उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाजवळ असावी, पण हा नियम पट्टीने मोजायचा नाही.

दुसरा, बारीक फाटा आत्ता अजिबात कापू नका. तो मोकाट वाढू दे, ग्रिलबाहेर गेला तरी जाऊ दे (काकूंची परवानगी काढा). तो जितका वाढेल तितका त्याच्या खालचा बुंधा जाड होईल. काम झालं की एक दिवस त्याला आखूड करून जुळं खोड ठेवायचं की मुळातून काढायचं, ते तेव्हा ठरवा.

किती सोसेल? निरोगी झाड असेल तर एकही पान न ठेवता कापलेलं सोसतं. जुन्या खोडावर ज्या कड्या दिसतात ना, तिथे पूर्वी पानं होती, त्या प्रत्येक कडीत डोळा झोपलेला असतो. ऊन आणि ऊब मिळाली की फुटतो. तरी पहिल्या खेपेला निम्म्यापर्यंत थांबा.

द्राक्षवेल | १ मार्च, ०९:१५

वेळेबद्दल. आमच्या नाशिककडे द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि गोडी बहार छाटणी ऑक्टोबरमध्ये असते. मुंबईच्या जेडलाही जवळपास हेच वेळापत्रक मानवतं. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल मोठी छाटणी, कारण पुढे भरपूर ऊन आणि कोरडी हवा. मग थेट ऑक्टोबर. पावसाळ्यात नुसते शेंडे खुडायचे, जाड काप द्यायचा नाही. खोड पाण्याने भरलेलं, बाहेर दमट, काप सुकतच नाही आणि कूज आत शिरते.

छाटल्यावर चार-पाच दिवस पाणी तोडा. पानंच नसतील तर झाड पाणी पिणार कुठून.

चाफेकळी | १ मार्च, ११:५०

बोन्साय घरात ठेवू नये म्हणतात. घरातल्यांची प्रगती खुंटते. आणि खरं सांगू, मला स्वतःला ते झाडाचे हाल केल्यासारखंच वाटतं. वाढू द्या की त्याला.

गच्चीवाला | १ मार्च, १२:२०

चाफेकळीताई, वास्तूचं मला कळत नाही. आमच्या मातोश्रींनाही हेच वाटायचं, आता त्या रोज सकाळी कुंड्यांवरून हात फिरवल्याशिवाय चहा घेत नाहीत. आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये याला वाढून वाढून किती वाढू द्यायचं?

रानवाटा | १ मार्च, १३:०५

अवांतर, पण हालांच्या मुद्द्यावर लिहितोच. हे झाड दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागातल्या काटेरी झुडपी रानातलं. तिथे त्याला स्पेकबूम म्हणतात आणि हत्ती ते आवडीने खातात. हत्ती वरून ओरबाडतो. तुटलेल्या फांद्या खाली पडतात, मातीला टेकतात आणि मुळं धरतात. झाड आडवं पसरत जातं. म्हणजे वरून तोडलं जाणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. शेळ्यांचं उलट. त्या खालून खातात, बुंध्याजवळची पसरणारी फांदीच शिल्लक ठेवत नाहीत, त्यामुळे तिथली मोठमोठी रानं उजाड झाली. आता त्याच्याच कटिंगा थेट जमिनीत खोचून ती रानं परत उभी करायचं काम तिथे चालू आहे.

पान खाताही येतं, आंबटसर लागतं. पाण्याचा ताण बसला की हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतं, म्हणून सकाळी जास्त आंबट. पाणी मुबलक मिळालं की परत साध्या झाडांसारखं वागतं. आमच्या घरी कोशिंबिरीत टाकून झालंय. मुलांना आवडलं नाही.

चाफेकळी | १ मार्च, १३:४०

हत्तीचं माहीत नव्हतं. बरं, मग कापा.

सुतळीबाँब | १ मार्च, २०:३०

तारेबद्दल कोणीच बोललं नाही. माझं मत: जेडला तार लावूच नये. फांदी दिसते लवचीक, पण आत नुसतं पाणी. वाकवताना कट्कन मोडते. आणि वाढ इतकी जलद की उन्हाळ्यात तार महिन्याभरात सालीत रुतते. ते वळ वर्षानुवर्षं जात नाहीत.

त्यापेक्षा सुतळी. फांदीला सैल फास, दुसरं टोक कुंडीच्या काठाला, दर आठवड्याला थोडं खाली ओढायचं. किंवा फांदीच्या टोकाला सुतळीने एखादा लोखंडी नट लटकवा.

गच्चीवाला | १ मार्च, २१:००

'लावूच नये' हे मला पटत नाही. खाली झुकणारी फांदी सुतळीने मिळते, पण फांदीतलं वळण सुतळीने येत नाही. तारेच्या आधी तीन-चार दिवस पाणी बंद ठेवा, फांदी किंचित मऊ पडते, मग मोडत नाही. तार ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. दर आठवड्याला तपासायची. काढताना उलगडायची नाही, पक्कडीने तुकडे करून काढायची. फांदीला वळण राहिलं नसेल तर पुन्हा दुसऱ्या जागेवरून लावायची.

पण ताईंचं हे पहिलंच झाड आहे, तर पहिलं वर्ष फक्त कात्री हे मान्य. खरं तर जेडमध्ये कात्रीनेच बहुतेक सगळं होतं. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडाँगकडे, लिंगनान म्हणून एक शैली आहे. तिथले लोक मुख्यतः असंच करतात: वाढू द्यायचं, कापायचं, पुन्हा वाढू द्यायचं. फ्लोरिडात जिम स्मिथ म्हणून बोन्सायकार होते, त्यांनी हे झाड घेऊन मोठमोठी बोन्साय केली. फोर्ट पिअर्सच्या हीथकोट बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांचा संग्रह आहे, फोटो शोधून बघा. तिथली हवाही आपल्यासारखीच उष्ण आणि दमट, म्हणून आपल्याला जपानी पुस्तकांपेक्षा ती झाडं जवळची.

खिडकीकाठ | ९ मार्च, १८:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. माती बाजूला केली तर बुंधा खरंच खाली बराच जाड निघाला! साफसफाई झाली, मग रविवारी शेंड्याचा काप दिला. सिकेटर स्पिरिटने पुसून घेतला. आता झाड सात इंचांचं आहे, बारीक फाटा मोकाट सोडलाय. नवरा म्हणाला, एवढे पैसे देऊन आणलेलं झाड परत होतं तेवढं केलंस.

एक काळजी. कापलेल्या जागेपासून खोड सुरकुतत खाली वाळत येतंय. कापावर काही लावायला हवं होतं का? हळद?

गच्चीवाला | ९ मार्च, १९:१०

हळद जेवणात घाला. जेडच्या कापाला काही लावू नये, ओल आत अडकते. खोड खालच्या पेरापर्यंत वाळेल आणि तिथे आपोआप थांबेल. म्हणून काप नेहमी पेराच्या थोडा वर द्यायचा, अगदी चिकटून नाही. वाळलेला तुकडा काही दिवसांनी बोटाने हलवलात तरी गळून पडेल. ओढून काढू नका.

वाळून काळं, मऊ आणि ओलसर होत असेल तर मात्र ती कूज. तेव्हा निरोगी भाग दिसेपर्यंत खाली कापायचं.

आणि एक. काही जण सुकलेल्या फांद्या सोलून पांढऱ्या करून ठेवतात, जुनिपरसारख्या सूचिपर्णी झाडावर ते शोभतं. जेडचं लाकूड मऊ, ते कुजून पडतं. त्या फंदात पडू नका.

लोकलकर | ९ मार्च, १९:३०

हळद जेवणात घाला, खिक्.

खिडकीकाठ | ४ एप्रिल, २२:००

फुटवे आले! जिथे काहीच नव्हतं त्या जुन्या खोडावरसुद्धा बारीक लालसर टिपके आलेत, त्यांतून पानं निघताहेत. आता यातलं काय ठेवू आणि काय काढू? सगळंच गोड दिसतंय.

गच्चीवाला | ५ एप्रिल, ०७:१५

आता खरी मजा. एक फांदी हातात धरून नीट बघा. पानं समोरासमोर जोडीने येतात. एक जोडी डावी-उजवी असेल तर तिच्या पुढची जोडी वर-खाली, त्याच्या पुढची परत डावी-उजवी. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा. तुम्ही ज्या जोडीच्या पुढे कापाल, त्या जोडीतून दोन फुटवे येतील, आणि ते त्या पानांच्याच दिशेने जातील.

म्हणजे आडवी पसरणारी फांदी हवी असेल तर डाव्या-उजव्या जोडीच्या पुढे कापा. फांदी इंग्रजी वायसारखी फुटून सपाट पसरते. फांदी वर उचलायची असेल तर वर-खाली जोडीवर कापा आणि खालचा डोळा नखाने काढून टाका. एकदा हे लक्षात आलं की पुढचा फुटवा कुठे जाणार ते कापायच्या आधीच सांगता येतं. वडा-पिंपळात हे इतकं सोपं नाही, तिथे पानं एकाआड एक येतात.

क्रम असा: फुटव्याला पाच-सहा जोड्या येऊ द्या, मग दोन जोड्यांवर आणा. त्यातून दोनाचे चार, चाराचे आठ. उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांनी हा फेरा येतो. जी फांदी जाड व्हायला हवी ती जास्त वाढू द्यायची, जी पुरेशी जाड आहे ती लवकर छाटायची. शेंडा नेहमी खालच्या फांद्यांपेक्षा जोमाने वाढतो, म्हणून शेंडा जास्त वेळा आणि खालच्या फांद्या कमी वेळा. उलटं केलं की काही महिन्यांत खाली काटक्या आणि वर झुपका.

खोडावरच्या टिपक्यांपैकी वळणाच्या बाहेरच्या बाजूचे ठेवा, आतल्या बाजूचे पुसून टाका. समोरून अगदी डोळ्यांत येणारे खालचे दोन-तीनही काढा, खोड दिसायला हवं.

आकाराबद्दल माझं एक आग्रहाचं मत. जेडला पाइन करायला जाऊ नका. त्रिकोणी, टोकदार, थरांचं झाड याच्या पानांना शोभत नाही. रस्त्यावरचा पर्जन्यवृक्ष बघा, फांद्या कशा खालून उघडतात आणि वर सगळं छत्रीसारखं सपाट गोलाकार होतं. पार्ले-माटुंग्याच्या जुन्या गल्ल्यांत अजून आहेत. राणीच्या बागेत गेलात तर तिथले जुने वृक्ष खाली उभं राहून बघा. आपल्या डोळ्यांना ओळखीचं झाड तेच आहे.

रानवाटा | ५ एप्रिल, ०८:४०

पर्जन्यवृक्षाच्या मुद्द्याला +१. आणि राणीच्या बागेत महापालिकेचं उद्यान प्रदर्शन भरतं, तिथे बोन्सायही मांडलेली असतात. पुढच्या वेळी चुकवू नका.

खिडकीकाठ | २६ मे, २१:३५

एक फेरा झाला, आता फांद्या जराशा फांद्यांसारख्या दिसतात. बेचक्यांत पांढरा कापूस दिसला, तो पिठ्या ढेकूण ना? आणि पावसाचं काय करू? ग्रिलवर पत्रा आहे, पण पश्चिमेची झड थेट आत येते.

द्राक्षवेल | २६ मे, २२:१०

हो, पिठ्या ढेकूणच. थोडा असेल तर कान साफ करायच्या काडीला स्पिरिट लावून टिपून काढा. जास्त असेल तर पाण्यात कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, पण फवारणी संध्याकाळीच. तेल लावून मेच्या उन्हात ठेवलं की पानं भाजतात. मुंग्या येत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्याच याला इकडून तिकडे नेतात.

गच्चीवाला | २७ मे, ०७:०५

सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या झाडाच्या रानात वर्षाला साधारण अडीचशे ते पाचशे. मुंबईत जेडं मरतात ती उन्हाने नाही, जुलैत.

तुमच्या नर्सरीच्या लाल मातीत ते या पावसात टिकणार नाही असं मला वाटतं. अजून दहा-बारा दिवस हातात आहेत, माती बदला. कुंडी मात्र तेवढ्याच आकाराची ठेवा, उथळ नको. विटेचे किंवा जांभ्याचे तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे, चाळून भुकटी पूर्ण काढलेली, हे दोन भाग. उरलेल्या एका भागात थोडं कोकोपीट आणि गांडूळखत. ओतलेलं पाणी लगेच खालून निघायला हवं, वर तळं साचता कामा नये. मुळांची कुजकी टोकं काढा, झाड दोन-तीन दिवस सावलीत उघडं ठेवा म्हणजे कापलेली मुळं सुकतील. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. ऐकायला क्रूर वाटतं, पण ओल्या मातीतलं ताजं कापलेलं मूळ हमखास कुजतं.

झड लागेल तेव्हा कुंडी आत घ्या, पण एसीच्या खोलीत नको, हवा खेळेल अशा खिडकीशी ठेवा. बाहेरच ठेवणं भाग असेल तर कुंडीखाली एका बाजूला विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी करा, पाणी भराभर उतरतं. पाणी घालायचं का हे पानाला विचारा: पान बोटांत दाबून मऊ, किंचित सुरकुतलेलं लागलं तरच. पान टणक असेल तर आठवडा गेला तरी हात लावू नका. पिवळी पडून गळताहेत तर पाणी जास्त झालंय.

खत पावसाळ्यात बंद. ऑक्टोबरपासून थोडं, पातळ. पेंडीचं पाणी घालणार असाल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वासाच्या तक्रारी यायची तयारी ठेवा.

सुतळीबाँब | २७ मे, ०९:२०

ताई, छाटलेल्या फांद्यांचं काय केलंत? टाकल्या नसतील तर मला द्या. जेडची फांदी तीन-चार दिवस सावलीत सुकवून खोचली की लागते. मी दादरला असतो, स्टेशनवर येऊन घेईन.

खिडकीकाठ | २७ मे, १३:१५

टाकल्या नाहीत, मार्चमधल्या सगळ्या खोचल्या आणि बहुतेक जगल्या. पेपरकपांत आहेत, खिडकीत जागाच उरली नाही. शनिवारी सकाळी दादरला येणार आहे, पश्चिमेच्या फुलबाजाराजवळ भेटू. आणखी कोणाला हव्यात?

चाफेकळी | २७ मे, १३:२०

मला दोन ठेवा.